श्रॉपशायरची छोटी गावं, त्यांच्या कौन्सिली आणि आपलं मत

नीराकाठ

मंडळी, नमस्कार.

परवा कौन्सिल टॅक्सचं, म्हणजे इथल्या इंग्लंडमधल्या घरपट्टीचं, नवं बिल आलं. दर मार्चमध्ये येतं तसंच, पण या वेळी मी ते टेबलावर पसरून ओळ न् ओळ वाचलं. सगळ्यात वर आमच्या काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, श्रॉपशायर कौन्सिल, मग वृद्ध आणि अपंगांच्या देखभालीसाठीची वेगळी आकारणी, मग वेस्ट मर्सियाचे पोलीस, अग्निशमन दल, आणि तळाशी आमच्या गावची टाउन कौन्सिल. प्रत्येक ओळीपुढे गेल्या वर्षीपेक्षा किती टक्के वाढ झाली ते छापलेलं असतं. आमच्या बिलात रकमेने लहान ओळींपैकी एक म्हणजे ही शेवटची, आणि टक्क्यांनी सगळ्यात जास्त वाढली तीही हीच.

ती का वाढली हे मला नीट माहीत आहे, कारण ती वाढवायचं ठरलं त्या रात्री मी तिथे बसले होते. त्यासाठीच हा धागा काढतेय.

मी मूळची फलटणची. नऊ वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे दक्षिण श्रॉपशायरमध्ये आलो आणि इथेच एका औषधांच्या दुकानात मी फार्मसिस्ट म्हणून लागले. गावाचं नाव लिहीत नाही. मराठी घर एकच आहे, नाव सांगितलं की पत्ताच दिल्यासारखं होईल. पण लडलो, बिशप्स कासल, क्लन, चर्च स्ट्रेटन, मच वेनलॉक ही नावं ज्यांनी ऐकली असतील त्यांनी त्याच माळेतला एक मणी समजावा: उतारावरचा एक मोठा रस्ता, वर चर्च, मध्ये बाजाराची जागा, दर गुरुवारी बाजार, आणि चहूकडे मेंढ्यांची कुरणं.

अंदाज यावा म्हणून सांगते. श्रॉपशायर कौन्सिलचा कारभार चालतो तो भाग ३,१९७ चौरस किलोमीटरचा. आमच्या सातारा जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडा कमी. आणि माणसं २०२१च्या जनगणनेत सव्वातीन लाखांच्या आत. टेल्फर्ड शहराचा भाग यात नाही, तो १९९८पासून वेगळा आहे. म्हणजे माणसं विरळ, रस्ते भरपूर, आणि म्हाताऱ्यांचं प्रमाण देशाच्या मानाने बरंच जास्त. इथल्या कौन्सिलचं सगळं गणित या तीन गोष्टींत आहे.

२००९पर्यंत इथे दोन मजले होते. वर काउंटी कौन्सिल: शाळा, रस्ते, देखभाल. खाली पाच डिस्ट्रिक्ट: कचरा, घरबांधणी, बांधकाम परवानग्या. १ एप्रिल २००९ला पाचही डिस्ट्रिक्ट मोडली आणि सगळं एका युनिटरी, म्हणजे एकमजली, कौन्सिलकडे गेलं. श्रूझबरीच्या डिस्ट्रिक्टने त्याविरुद्ध कोर्टात धाव घेतली होती, पण अपिलातही हरली. ज्या कचेरीत लोक चालत जाऊन भांडत होते ती गेली. उरल्या त्या गावपातळीवरच्या पॅरिश आणि टाउन कौन्सिली. पॅरिश कौन्सिली तर कायद्याने १८९४पासून आहेत आणि अजून टिकून आहेत.

आता शौचालयांची गोष्ट. गाडीतळाजवळची सार्वजनिक शौचालयं गावाने स्वतः चालवायची की बंद होऊ द्यायची, असा प्रश्न आमच्या टाउन कौन्सिलपुढे आला. श्रॉपशायरमध्ये गेल्या दहा-पंधरा वर्षांत अशा बऱ्याच गोष्टी खाली आल्या: कुठे शौचालयं, कुठे वाचनालय, कुठे खेळाचं मैदान. युनिटरी कौन्सिलचे बहुतेक पैसे देखभालीवर जातात, आणि ती देखभाल करणं कायद्याने बंधनकारक आहे. शौचालय चालवणं कोणावरच बंधनकारक नाही. त्यामुळे कात्री लागते ती तिथे.

जानेवारीतली सभा. संध्याकाळचे सात, वाचनालयामागचं छोटं दालन, एक हीटर, तोही कौन्सिलरांच्या बाजूला. नोटीस बोर्डावर विषयपत्रिका वाचून मी गेले होते. सुरुवातीला गावकऱ्यांना बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं देतात. मी कधी मराठीतही सभेत बोलले नव्हते. पण एक गोष्ट सांगायलाच हवी असं मला वाटत होतं, आणि ती त्या खोलीत माझ्याशिवाय कोणाला माहीत असणं शक्य नव्हतं.

हृदयाच्या त्रासासाठी कित्येक जणांना लघवीची गोळी असते. सकाळी घेतली की पुढचे काही तास सारखं जावं लागतं. बाजाराच्या दिवशी आसपासच्या वाड्यांवरून म्हातारी माणसं बसने येतात. माझ्या काउंटरवर त्यांच्यातले कितीतरी जण दबक्या आवाजात सांगतात, "आज गोळी घेतली नाही, गावात यायचं होतं ना." शौचालयं चालू असताना ही स्थिती आहे, कारण एक दार सतत नादुरुस्त असतं. ती बंद झाली तर ही माणसं दोनच गोष्टी करतील: गोळी टाळतील, नाहीतर बाजार टाळतील. मी एवढंच सांगितलं. कोणाचं नाव नाही, आकडे नाहीत.

नंतर मतदान झालं. ७ विरुद्ध ४. शौचालयं गावाने घ्यायची आणि त्यासाठी प्रिसेप्ट, म्हणजे बिलातली ती शेवटची ओळ, वाढवायची. विरोधात मत दिलेले एक आजोबा सभा संपल्यावर मुद्दाम थांबले. म्हणाले, तुमचं पटलं, पण ज्यांना आत्ताच बिल झेपत नाही त्यांचं काय? माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. घरांचे कराचे पट्टे अजून १९९१च्या किमतींवर ठरतात, त्यामुळे कोणाला किती झेपेल याचा आणि बिलाचा मेळ लागतोच असं नाही.

मला मनापासून वाटतं ते हे, की ज्या कौन्सिलकडे सगळ्यात कमी अधिकार आहेत तिथेच आपल्या एका वाक्याने काही हलतं, आणि आपले लोक नेमके तिथेच जात नाहीत. तुमच्या गावांचे अनुभव वाचायला आवडतील.

दगडी_पार

नीराताई, फार मनापासून लिहिलंत. लघवीच्या गोळीचा मुद्दा वाचून थांबलो. माझी आईही एसटीने तालुक्याला जायचं असलं की हेच करायची, आणि आम्हाला ते ती गेल्यानंतर कळलं.

आमचे वडील माण तालुक्यात दहा वर्षं सरपंच होते, म्हणून कुतूहल आहे. तिकडच्या मेयरला आपल्या सरपंचासारखे अधिकार असतात का? आणि ग्रामसभेसारखं काही असतं का?

नीराकाठ

दगडी_पार, आईंचं वाचून वाईट वाटलं.

मेयरला अधिकार जवळजवळ नसतातच. मुळात टाउन कौन्सिल म्हणजे पॅरिश कौन्सिलच. १९७२च्या कायद्यानुसार पॅरिश कौन्सिलने ठराव केला की "आम्ही टाउन", तर ती टाउन होते आणि तिच्या अध्यक्षाला टाउन मेयर म्हणता येतं. कौन्सिलर दर मे महिन्यात आपल्यातूनच एकाला निवडतात. गावाने थेट निवडलेला सरपंच तो नव्हे. खरा कारभार क्लार्क बघतो. आमच्याकडे त्या बाई आहेत आणि पगार घेणाऱ्या त्या एकट्याच. कौन्सिलर बिनपगारी.

ग्रामसभेसारखं आहे. १ मार्च ते १ जून या काळात वर्षातून एकदा गावच्या मतदारांची सभा घ्यावीच लागते. पण तिचे ठराव कौन्सिलवर बंधनकारक नसतात. कदाचित म्हणूनच लोक येत नाहीत. मागच्या वर्षी आमच्याकडे आम्ही अकरा जण होतो.

जोशीकाका_नगररचना

मी महाराष्ट्रात नगररचना विभागात ३१ वर्षं काढली. मुलगी हेरफर्डजवळ असते, तिच्याकडे दोन उन्हाळे राहिलो. तिथल्या पॅरिश कौन्सिलच्या सभेला सहज म्हणून गेलो होतो. विषय एका शेतात चाळीस घरं बांधण्याचा. दोन तास चर्चा. प्रत्येकाने नकाशा वाचलेला, ओढा कुठून वाहतो ते प्रत्येकाला ठाऊक. शेवटी "हरकत" असा ठराव झाला. मी विचारलं, आता काय? तर म्हणे आता आमचं पत्र वरच्या कौन्सिलला जाईल, परवानगी तेच देणार किंवा नाकारणार.

मला ते खटकलं. ज्यांना ओढा माहीत आहे ते फक्त पत्र लिहिणार, आणि निर्णय दुसऱ्याच कचेरीत. आपल्याकडे याहून बरं आहे असं म्हणायला जीभ रेटत नाही, पण त्या माणसांची तयारी वाया जाताना पाहून जिवाला लागलं.

सीमेवरून_ऑझ्वेस्ट्री

काका, पत्र अगदी वाया जात नाही. गावाने नेबरहूड प्लॅन, म्हणजे कुठे काय बांधायचं याचा गावचा आराखडा, केला आणि तो सार्वमतात मंजूर झाला, तर तो परवानगी देताना विचारात घ्यावाच लागतो. आमच्याच काउंटीत मच वेनलॉकचा प्लॅन २०१४मध्ये लागू झाला. तिथे २००७च्या पावसाळ्यात, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, गावात पाणी घुसलं होतं. त्यामुळे कुठे बांधायचं आणि पाणी कुठे जाणार हा लोकांच्या घरातला प्रश्न होता. शिवाय जिथे नव्या घरांवर पायाभूत सुविधांची आकारणी होते, तिथे पॅरिशला त्यातला १५ टक्के वाटा मिळतो आणि प्लॅन असेल तर २५ टक्के. छोट्या गावाला ही रक्कम मोठी असते.

नीराकाठ, मूळ लेखाशी मात्र एका बाबतीत मी सहमत नाही. मी दुसऱ्या एका काउंटीच्या कौन्सिलमध्ये काम करतो, युनिटरी होण्याआधी आणि नंतर, दोन्ही पाहिलंय. दोन मजले होते तेव्हा माणूस फोन करायचा आणि त्याला सांगितलं जायचं, "हे आमच्याकडे नाही, तिकडे विचारा." रस्ता काउंटीचा, रस्त्यावरचा कचरा डिस्ट्रिक्टचा. पाच मुख्याधिकारी, पाच संगणकप्रणाल्या. ते मोडलं ते बरंच झालं. पैसा संपतोय तो युनिटरीमुळे नाही. वृद्धांची आणि मुलांची देखभाल दरवर्षी महाग होतेय म्हणून. विरळ वस्तीत एका घरून दुसऱ्या घरी जायला देखभाल करणारीला पंचवीस मिनिटं लागतात, त्याचाही पगार द्यावाच लागतो. पाच डिस्ट्रिक्ट आज असती तरी हाच प्रश्न असता.

नीराकाठ

तुमचा फोनचा मुद्दा मान्य. पैशाचाही मान्य. दोष कोणा एकावर टाकायचा माझा हेतू नव्हता.

माझी अडचण वेगळी आहे. युनिटरीला कर वाढवायला मर्यादा आहे. देखभालीची आकारणी धरून साधारण ५ टक्क्यांच्या वर जायचं तर सार्वमत घ्यावं लागतं, नाहीतर सरकारची खास परवानगी लागते. टाउन आणि पॅरिश कौन्सिलींना अशी मर्यादा नाही. त्यामुळे वर जे मावत नाही ते खाली सरकतं. लडलोसारखं गाव ते पेलतं, तिथे पर्यटक आहेत, दुकानं आहेत, पगारी माणसं आहेत. पण दीडशे घरांच्या पॅरिशला महिन्यातले काही तासच क्लार्क परवडतो. तिथला बसथांब्याचा निवारा पडला की पडला. एकाच काउंटीत दोन गावांत एवढा फरक का असावा? मला यात न्याय दिसत नाही.

विजयदुर्गकर

थोडं अवांतर, पण अगदीच नाही.

श्रॉपशायर म्हटलं की आम्हा देवगडकडच्यांना रॉबर्ट क्लाइव्ह आठवतो. जन्म १७२५, मार्केट ड्रेटनजवळ. १७५६च्या फेब्रुवारीत अ‍ॅडमिरल वॉटसनच्या आरमाराबरोबर आमच्या विजयदुर्गावर चालून आला तोच. इंग्रज तेव्हा त्याला घेरिया म्हणत. किल्ला तुळाजी आंग्र्यांचा, समुद्रातून इंग्रज, आणि जमिनीवरून पेशव्यांची फौज. आतल्या लुटीची वाटणी इंग्रजांनी आपापसात केली. पुढच्याच वर्षी प्लासी.

आता या धाग्याशी संबंध. बंगालमधून पैसा घेऊन परतल्यावर क्लाइव्हने १७६३मध्ये बिशप्स कासलजवळची वॉलकॉटची जहागीर विकत घेतली. त्या जमिनीबरोबर त्या इवल्या गावाच्या पार्लमेंटमधल्या दोन जागाही त्याच्या हाती आल्या, कारण मतदार मूठभर आणि मिंधे. तो स्वतः श्रूझबरीचा खासदार होता आणि तिथला मेयरही झाला. बिशप्स कासलच्या त्या दोन जागा १८३२च्या सुधारणेत रद्द झाल्या.

मला सांगायचं ते एवढंच: या गावांच्या जुन्या सनदा आणि बरो वगैरे ऐकायला छान वाटतात, पण "पूर्वी गावाचा कारभार गावाकडे होता" हे अर्धंच खरं. पूर्वी तो दोन-चार घराण्यांकडे होता. नीराताईंनी उभं राहून तीन मिनिटं बोलणं आणि सात जणांनी ते ऐकून हात वर करणं, हे त्या गावाच्या इतिहासात अलीकडचं आहे. त्यात हिंदुस्थानातून आलेली एक बाई बोलतेय, याचं मला फार अप्रूप वाटलं.

दगडी_पार

विजयदुर्गकर, उत्तम प्रतिसाद. त्याचा पुतळा अजून आहे ना तिथे?

विजयदुर्गकर

हो, श्रूझबरीच्या मुख्य चौकात, १८६०पासून. २०२०मध्ये तो हलवावा म्हणून अर्ज झाले, हजारो सह्या झाल्या. श्रॉपशायर कौन्सिलने मतदान घेऊन जागेवरच ठेवला. माझं मत विचाराल तर पुतळा राहू दे, पण तो कुठल्या पैशावर उभा राहिला ते शेजारी ठळक लिहिलेलं असलं पाहिजे, आणि त्यात घेरियाही असला पाहिजे.

मेघना_लेस्टर

मस्त धागा! एक बाळबोध प्रश्न. माझा पासपोर्ट अजून भारतीयच आहे, वर्क व्हिसावर आहे. मला मतदान करता येतं? ऑफिसमध्ये सगळे सांगतात की नागरिकत्व मिळाल्याशिवाय नाही.

नीराकाठ

मेघना, ऑफिसातल्यांचं चुकतंय. तुला मत देता येतं, आणि हे मला सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटतं.

भारत राष्ट्रकुलात आहे. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक इथे कायदेशीर परवानगीने राहत असेल तर तो मतदार म्हणून नाव नोंदवू शकतो. वर्क व्हिसा चालतो. आणि फक्त कौन्सिलला नाही, पार्लमेंटच्या निवडणुकीतही मत देता येतं. नोंदणी ऑनलाइन होते, पाच मिनिटांचं काम. मतदान केंद्रावर आता फोटोचं ओळखपत्र लागतं, त्यात राष्ट्रकुलातल्या देशाचा पासपोर्ट चालतो, म्हणजे आपला निळा पासपोर्ट चालतो. मी तोच दाखवला. टेबलावरच्या आजींनी तो नीट उघडून फोटो पाहिला, यादीतलं माझं नाव पट्टी ठेवून खोडलं आणि मतपत्रिका दिली. आमच्या गावात त्या यादीत माझं आडनाव सलग इंग्रजी आडनावांमध्ये बसलेलं पाहिलं तेव्हा जे वाटलं ते लिहिता येणार नाही.

उभं राहण्यासाठी अट कडक आहे. नुसता व्हिसा चालत नाही, कायम वास्तव्याची परवानगी लागते. ती असेल तर भारतीय नागरिकही कौन्सिलर होऊ शकतो. नागरिकत्व घ्यायलाच हवं असं नाही.

सीमेवरून_ऑझ्वेस्ट्री

यात एक भर. छोट्या गावांत बऱ्याचदा जागांएवढे उमेदवारच नसतात. मग निवडणूक होत नाही, आणि रिकाम्या जागा कौन्सिल स्वतः माणसं निवडून भरते. मध्येच जागा रिकामी झाली तर नोटीस लागते. सुट्ट्या सोडून चौदा दिवसांत दहा मतदारांनी लेखी मागणी केली तर पोटनिवडणूक, नाहीतर निवड. अर्ज म्हणजे एक पानाचं पत्र. मी स्वतः माझ्या पॅरिशमध्ये असाच आलो. पक्ष नाही, प्रचार नाही. पहिल्या वर्षभर मला दफनभूमीच्या भिंतीचं आणि गवत कापण्याचं काम दिलं होतं. भिंत कोणाची, चर्चची की पॅरिशची, हे शोधायला जुनी कागदपत्रं वाचावी लागली. गावाची ओळख मला त्या कागदांत झाली.

जोशीकाका_नगररचना

हे फार मोलाचं. मुलीला दुवा पाठवतो. तिच्याकडे कायम परवानगी आहे आणि ओढ्याबद्दल तिला आता त्या चाळीस घरांच्या बिल्डरपेक्षा जास्त माहिती आहे.

मेघना_लेस्टर

नोंदणी केली!! खरंच पाच मिनिटं. ताई, तुम्ही उभ्या राहणार का?

नीराकाठ

मेघना, शाब्बास.

आमच्याकडे सगळ्या कौन्सिलींच्या निवडणुका मे २०२५मध्ये एकदमच झाल्या, पुढच्या २०२९मध्ये. पण आमच्या एका वॉर्डातली जागा फेब्रुवारीत रिकामी झाली आहे आणि दहा सह्या कोणी दिल्या नाहीत. मी पत्र लिहून ठेवलंय. नवऱ्याने वाचलं आणि "मी" हा शब्द सात वेळा आलाय असं सांगितलं, म्हणून पुन्हा लिहायला घेतलंय.

नीराकाठ (एप्रिलअखेरची भर)

धागा वर काढतेय, कारण काहींनी निरोपातून विचारलं होतं.

गावची वार्षिक सभा झाली. या वेळी चाळीसच्या वर माणसं होती, खुर्च्या कमी पडल्या. विषय पुन्हा शौचालयं, कारण आता ती आमची आहेत आणि रात्री उघडी ठेवावीत की नाही यावर मतं होती. तोडफोडीची भीती खरी आहे, दार दोनदा मोडलंय. काहींचं म्हणणं, पाचला कुलूप लावा. मी या वेळी बोलले नाही. बोलल्या त्या माझ्याकडे दर महिन्याला औषधं न्यायला येणाऱ्या एक बाई. वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं, "मी गुरुवारी गोळी घेत नाही." खोलीत कोणी काही बोललं नाही. मग मागून आणखी एक हात वर झाला, "मीही."

पुढच्या आठवड्यात कौन्सिलची नेहमीची सभा होती. त्यात दोन गोष्टी झाल्या. रिकाम्या जागेसाठी तीन अर्ज होते, त्यात माझी निवड झाली नाही. निवड झाली ती एका तरुण शेतकऱ्याची, तिशीच्या आतला आहे, आणि त्याची निवड योग्य आहे असं मला वाटतं. पुढची जागा निघाली की मी पुन्हा पत्र देणार.

दुसरं, कुलपाची वेळ ठरली. वाड्यांकडे जाणारी शेवटची बस सहा चाळीसला सुटते, म्हणून पावणेसात.